लेक प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली, हिमोग्लोबिन ९.१. काय चुकतंय?

रानजाई (कराड) | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे, १४ पूर्ण. गेल्या गुरुवारी शाळेतून फोन आला. प्रार्थनेला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि धाडकन पडली. हनुवटीला जरा खरचटलं, बाकी काही नाही. बाईंनी लिंबूसरबत पाजून बसवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.१. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि निघताना म्हणाले, "खाण्याकडे लक्ष द्या."

ते वाक्य मला लागलं. घरात कशाची ददात नाही हो. दोन्ही वेळा ताजा स्वयंपाक असतो, बाहेरचं फारसं येत नाही. मग माझं लक्ष नव्हतं म्हणजे नेमकं कुठे नव्हतं?

तिचा दिवस सांगते. पावणेसहाला उठते, चहा आणि दोन-तीन बिस्किटं, साडेसहाला रिक्षा. शाळा ७ ते साडेबारा. डब्यात पोळी-भाजी असते, त्यातली निम्मी परत येते. दीडला जेवते आणि लगेच आजीबरोबर अर्धा कप चहा (हा दोघींचा लाडका कार्यक्रम). ३ ते ६ क्लास. आल्यावर काहीतरी चटकमटक. रात्रीचं जेवण साडेनऊ-पावणेदहाला, मग अभ्यास. झोपायला बारा वाजतात, परीक्षा असली तर एकसुद्धा. पाळी सहावीत असताना सुरू झाली, पाच-सहा दिवस असते, पहिले दोन दिवस जास्त.

आम्ही अंडी खातो, मटण-मासे क्वचित. गोळ्यांनी तिला मळमळतं, त्यामुळे तीन दिवसांतच कुरकुर सुरू झाली आहे. काय करू?

---

आजीचा_बटवा (सातारा) | सोमवार, रात्री ११:१५

अगं घाबरू नकोस. बीट किसून त्याचा रस दे रोज सकाळी, डाळिंब दे, गूळ-शेंगदाणे दे. थंडीत अळिवाचे लाडू कर. माझ्या तिन्ही मुली यावरच वाढल्या. गोळ्याबिळ्या गरम पडतात या वयात.

---

गोदाकाठ (नाशिक) | मंगळवार, सकाळी ७:०५

रानजाई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे बसून उपचार सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी सुरू केले आहेत आणि योग्यच केले आहेत. पण तुम्ही दिनक्रम इतका नीट लिहिलाय की त्यावर बोलायलाच हवं.

आधी आकडा. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की रक्तक्षय म्हणायचं. ८ ते १०.९ हा मध्यम गट, तुमची मुलगी त्यात येते. आणि ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. मुलग्यांमध्ये ३१ टक्के. म्हणजे तिच्या वर्गातल्या निम्म्या बाकांवर हाच प्रश्न बसलेला आहे, फक्त पडली ती एक.

आता हे याच वयात का. अकरा ते चौदा या वर्षांत मुली झपाट्याने उंच होतात, ऐन भरात वर्षाला ८ सेंटीमीटरच्या आसपास. शरीर मोठं झालं की रक्ताचं एकूण प्रमाणही वाढायला लागतं, स्नायू वाढतात, त्या सगळ्याला लोह हवं. नेमकं त्याच सुमारास पाळी सुरू होते आणि दर महिन्याला लोह बाहेर जायला लागतं. खर्च दोन्हीकडून वाढतो. म्हणून आपल्याकडच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ च्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह सांगितलंय, त्याच वयाच्या मुलग्याला २२. आपण मात्र घरात बहुतेक वेळा उलटं वाढतो.

आता तुमच्या दिनक्रमातला चहा. तिच्या पोटात घनसं काही जायच्या आधी चहा जातो, आणि दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण झाल्याझाल्या परत चहा जातो. डाळी-भाज्या-भाकरीतलं लोह आधीच नखरेल, थोडंच शोषलं जातं. वर चहातले टॅनिनसारखे घटक त्याला धरून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. चहा सोडायला सांगत नाही, आजीचा कार्यक्रम मोडू नका. जेवणानंतर तासभर, जमलं तर दीड तास जाऊ द्या, एवढंच.

आजी, तुमची माफी मागून: बिटात १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. डाळिंबात त्याहूनही कमी. रंग लाल म्हणून रक्त वाढतं हा समज फार जुना आणि फार गोड आहे. त्यापेक्षा बाजरीत सहाच्या वर आहे, मटकी-मसुरीत सात-आठ. अळीव मात्र खरंच चांगले. तो तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. गोळ्या "गरम" पडत नाहीत, मळमळ मात्र होते. त्यावर उपाय आहे, संध्याकाळी सविस्तर लिहितो, ओपीडी सुरू होतेय.

---

आजीचा_बटवा | मंगळवार, सकाळी ९:४०

माफी कसली रे बाबा. बीट जाऊ दे. लाडवांवर माझा हक्क सोडणार नाही एवढं लक्षात ठेव. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर घोटायचं. वर जायफळ.

---

जुनं_खोड | मंगळवार, सकाळी १०:१०

आमच्या काळी हे असलं काही नव्हतं. सहा मैल चालत शाळेत जायचो, चटणी-भाकरी खायचो, चक्कर वगैरे माहीतच नव्हती. हल्लीच्या मुलांना मोबाईलने पोखरलंय.

---

कुंद्याची_काडी (सांगली) | मंगळवार, सकाळी १०:३३

खोडकाका, तुमच्या काळी हिमोग्लोबिन मोजलं कुणी होतं? माझी आई तुमच्याच काळातली. "अंगात ताकद नाही" हे ती आयुष्यभर म्हणत राहिली आणि घरातले सगळे तिला आळशी म्हणत राहिले. पहिल्यांदा रक्त तपासलं तेव्हा ती बावन्न वर्षांची होती.

---

शाळामास्तर (बीड) | मंगळवार, दुपारी ४:२०

जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्याकडे सहावीच्या पुढच्यांना दर सोमवारी निळी गोळी असते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. दुपारचं जेवण झालं की वर्गातच द्यायची, समोर गिळायला लावायची. कागदावर योजना उत्तम आहे. पहिल्या वर्षी मात्र पावसाळ्यानंतर वर्गामागच्या गवतात निळे ठिपके दिसायला लागले. पोरी जिभेखाली धरून बाहेर जाऊन थुंकायच्या.

का, तर एकीला शौचाला काळं झालं. तिच्या आईला वाटलं आतून रक्त जातंय, आणि गावभर झालं की गोळी विषारी आहे. लोहाच्या गोळीने काळं होतंच, त्यात काही वावगं नाही. पण हे आधी सांगितलं कुणी? आम्हालाच नीट माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी आशाताईंना बोलावून आयांची बैठक घेतली, त्यांनी सगळ्यांसमोर स्वतः गोळी घेतली. मग गवत हिरवं राहिलं.

दुसरी गंमत तांदळाची. शालेय पोषण आहारात आणि रेशनवर लोह मिसळलेला तांदूळ यायला लागला. साधारण शंभर दाण्यांत एक दाणा वेगळा असतो, पिठापासून केलेला, जरासा पिवळट. आमच्या स्वयंपाकीणबाई आणि गावातल्या निम्म्या बाया तो निवडून फेकायच्या, "प्लॅस्टिकचा तांदूळ आलाय" म्हणून. ज्यात लोह तोच दाणा कोंबड्यांना. आमच्या गल्लीतल्या कोंबड्या त्या वर्षी तजेलदार होत्या.

जंतांच्या गोळीचंही बघा ताई. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत देतात. खाजगी शाळांतही मिळायला हवी, पण बरेच पालक "आमच्याकडे स्वच्छता असते" म्हणून नको म्हणतात. जंत आतून रक्त पितात, घर सारवलंय की फरशीचं आहे हे ते बघत नाहीत.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

मास्तर, तुमचा प्रतिसाद छापून दवाखान्यात लावतो.

मळमळीचं: गोळी रिकाम्या पोटी सगळ्यात चांगली शोषली जाते आणि रिकाम्या पोटीच सगळ्यात जास्त त्रास देते. जमत नसेल तर जेवणानंतर थोड्या वेळाने, लिंबूपाण्याबरोबर. क जीवनसत्त्व लोहाला हात देतं. दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर अजिबात नको. रात्री झोपताना घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते, माझ्या अर्ध्याहून अधिक मुली अशाच घेतात. तरीही त्रास राहिला तर तुमच्या डॉक्टरांना सांगा, ते लोहाचा दुसरा क्षार, म्हणजे वेगळ्या प्रकारची गोळी देतील. परस्पर बंद मात्र करू नका. आणि आकडा १२ वर गेला म्हणून लगेच थांबायचं नाही. आधी रक्त भरतं, मग शरीरातला साठा. त्या साठ्यासाठी पुढचे काही महिने द्यावे लागतात. हीच पायरी सगळे गाळतात आणि वर्षभराने परत येतात.

महिन्याभरात आकडा एखाद्या ग्रॅमने तरी वर सरकायला हवा. नाही सरकला तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी १२, आणि थॅलेसिमियाची (रक्ताचा आनुवंशिक आजार) वाहक आहे का ही तपासणी. या तिन्हींबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

---

वऱ्हाडी_ठेचा (चंद्रपूर) | मंगळवार, रात्री १०:०८

डॉक्टरसाहेब म्हनतात ते खरं हाय. माह्या पोरीले दोन वर्स लोहाच्या गोया चारल्या. रगत वाढे नाही, हातपाय ठणकत, डोये पिवये दिसत. सारे म्हनत "खात नाही पोरगी". शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात एका सिस्टरनं इचारलं, सिकल सेल तपासलं का? तेच निघालं, रगताचा पिढीजात आजार. आमच्या इकडं, गडचिरोली, तिकडं नंदुरबार, लय घरात हाय हे. आता २०२३ पासून मोहीम सुरू झाली त मोफत तपासून देतात. ताईले भेव दाखवत नाही, तुमच्याकडं कमी असन. पन "खात नाही" हे पोरीच्या माथ्यावर मारायच्या आधी एक डाव तपासा.

---

अकरावी_ब (पुणे) | मंगळवार, रात्री ११:४७

मी इथे नवीन, खरं तर आईच्या खात्यावरून वाचत होते, आज स्वतःचं काढलं. मावशी, डबा परत का येतो ते मी सांगू?

आमची मधली सुट्टी पंधरा मिनिटांची होती. त्यात जिने उतरायचे, हात धुवायला रांग, आणि कुणाची तरी वही पूर्ण करायची. पोळी-भाजी पंधरा मिनिटांत संपत नाही. पोळीचा रोल, धपाटं, थालीपीठ असं हातात धरून खाता येणारं असलं की संपतं. आणि मटकीची उसळ नेली की "ई, वास" म्हणणारी एक तरी असतेच. मग आपण झाकण लावतो. शिवाय आठवी-नववीत सगळ्याच जणी "मी जाड झालेय" मोडमध्ये असतात. कुणी थेट उपास करत नाही, फक्त डबा उघडत नाही.

दुसरं कुणीच लिहिलेलं नाही म्हणून लिहिते. मुली शाळेत पाणी पीत नाहीत. म्हणजे ठरवून. कारण पाणी प्यायलं की जायला लागतं, आणि शाळेतली ती जागा... जाऊ दे. मी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत एक घोटसुद्धा घ्यायची नाही. पाळीच्या दिवसांत तर सकाळी चहाही नको म्हणायचे. माझ्या बाटलीतलं पाणी मी घरी येऊन झाडाला घालायचे आणि आईला वाटायचं मी सगळं प्यायले. प्रार्थनेला चक्कर येण्यात याचाही हात असेल, तिला विचारून बघा. तुम्ही विचारल्याशिवाय ती सांगणार नाही.

झोपेबद्दल काही बोलत नाही कारण आत्ता पावणेबारा वाजलेत :)

---

कुंद्याची_काडी | बुधवार, सकाळी ८:०२

अकरावी_ब, तुझ्या प्रतिसादाला शंभर अनुमोदन. माझ्या पुतणीची बाटली आज उघडून बघितली. कालचंच पाणी.

---

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ८:३०

रात्री पावणेबारा वाजल्याची तक्रार दोन्ही बाजूंनी खरी आहे. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. पण याच वयात शरीरातलं झोपेचं घड्याळ एक-दोन तासांनी पुढे सरकतं, त्यामुळे दहाला डोळे मिटले तरी झोप येत नाही. हा आळस किंवा हट्ट नाही, मेंदूतलं मेलॅटोनिनच (झोप आणणारं संप्रेरक) उशिरा सुटतं. वर आपण शाळा ७ ला ठेवतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, ते चांगलंच झालं. पण पहाटे उठणं ज्यांना सगळ्यात जड जातं ती नववी-दहावीची मुलं त्यात नाहीत. रानजाईंच्या लेकीचा दिनक्रम बघा: बारा ते पावणेसहा. पावणेसहा तास. रक्त कमी आणि झोप कमी असली की थकवा कशाचा हे मुलीलाच कळत नाही.

---

अकरावी_ब | बुधवार, दुपारी ३:१५

डॉक्टरकाका, आमचे बाबा माझा फोन दहा वाजता कपाटात ठेवतात आणि स्वतः साडेबारापर्यंत अंथरुणात रील बघतात, आवाज चालू ठेवून. भिंत पातळ आहे. एवढंच सांगायचं होतं.

---

खोखोवाला (माण) | बुधवार, रात्री ९:१२

खेळाचा मास्तर. आमचं माण म्हणजे ललिता बाबरचं माण. २०१६ ला रिओ ऑलिंपिकात तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांची शर्यत) अंतिम फेरीत पळाली ती पोरगी आमच्या मोही गावची, आणि सुरुवात खो-खोपासून. त्यामुळं इकडं पोरी पळतात, घरचे पाठवतात, त्यात अडचण नाही.

अडचण सकाळची. सरावाला साडेपाचला पोरी येतात. पूर्वी मी थेट पळवायचो. एक पोरगी चौथ्या फेरीला डोळे फिरवून खाली आली तेव्हापासून आधी विचारतो, काय खाल्लं? अठराजणींत अकरा जणींचं उत्तर एकच, "चहा". मग एक काम केलं. शेंगदाणे आणि गूळ डब्यात भरून मैदानावर ठेवायला लागलो. गुळात लोह फार असतं असं नाही हे मला आता कळलंय, पण रिकाम्या पोटी पळण्यापेक्षा बरं. शनिवारी उकडलेली अंडी. खर्च गावातल्या एका किराणावाल्यानं उचलला. तीन महिन्यांत फरक मैदानावर दिसला, मला तपासणीची गरज पडली नाही. तपासणी तरी केली, आरोग्य केंद्रातून.

दुसरा त्रास शाळेचाच. दिवाळी झाली की दहावीचा खेळाचा तास गणिताला जातो, आणि आता नववीचाही जायला लागलाय. जागतिक आरोग्य संघटना सांगते १७ वर्षांपर्यंतच्या पोरांना रोज एक तास घाम येईल अशी हालचाल पाहिजे. आठवड्याला दोन तास होते, तेही गेले. आणि पालक मला विचारतात, "सर, लोंबकळल्यावर उंची वाढेल का?" लोंबकळून वाढत नाही हो. आईबापाची उंची, पोटात गेलेलं आणि झोपेत वाढलेलं, यात सगळं आलं. बारला लटकून खांदे चांगले होतील.

रानजाई ताई, पोरीला पळायला आत्ता लावू नका, आकडा जरा वर येऊ द्या. पण बंदही करू नका. चालू द्या, दोरी हळूहळू.

---

मांडवी (फोंडा, गोवा) | बुधवार, रात्री १०:२५

आमच्याकडे सुकट हा पावसाळ्यातला आधार. मासे-मटणातलं लोह भाज्यांतल्यापेक्षा जास्त लागू पडतं असं आमची डॉक्टरीण सांगते. तुम्ही क्वचित खाता म्हणालात, तर आठवड्यातून एकदा जवळ्याची चटणी तरी बघा, जेवताना लिंबू पिळून. शाकाहारी दिवशी उसळीवर लिंबू आणि नंतर पेरू. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं आणि किंमत निम्मी.

पण मी लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. तुमचा पहिला प्रतिसाद तीनदा वाचला. लेक किती वाजता उठते, कधी जेवते, सगळं मिनिटामिनिटाने लिहिलंत. रात्री पावणेदहाला जेवते म्हणालात. घरात बाकीचे कधी जेवतात? ती कुणाबरोबर जेवते? आणि बाये, तुमचं स्वतःचं हिमोग्लोबिन किती?

---

आजीचा_बटवा | गुरुवार, सकाळी ६:५०

मांडवी, तू नेमकं बोट ठेवलंस गो.

---

रानजाई | रविवार, दुपारी २:३०

उशिरा येतेय. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. अकरावी_ब, पाण्याचं तू लिहिलंस तसंच निघालं. विचारलं तर आधी नाही म्हणाली, मग रडली. तिच्या शाळेत मुलींच्या दोन खोल्यांपैकी एकीला कुलूप असतं आणि दुसरीला आतून कडी नाही. मैत्रीण दार धरून उभी राहते. दोन वर्षं हे चाललंय आणि मला ठाऊक नाही.

मांडवी ताई, तुमचा प्रश्न वाचून फोन उलटा ठेवला होता. राग आला होता, खरं सांगते. मग शुक्रवारी जाऊन तपासून आले. ८.४.

मला वाटायचं दमणूक आहे. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, चाळिशी जवळ आली असं धरून चालले होते. लेकीचे केस गळतात तेव्हा तेल बदललं होतं.

आणि जेवणाचं सांगते. आमच्याकडे साडेआठला हे, सासरे आणि मुलगा बसतात. मग सासूबाई. मग मी. कुणी सांगितलेलं नाही, माझ्या माहेरीही असंच होतं. लेक लहान असताना मुलाबरोबर बसायची. सहावी-सातवीपासून म्हणायला लागली, "मी आईबरोबर जेवते." मला त्याचं केवढं कौतुक वाटायचं! आईला सोबत म्हणून थांबते पोर. ती माझ्याबरोबर बसायची तोवर उसळीत पाणी उरलेलं असायचं, अंडी मोजून केलेली असली तर संपलेली असायची, आणि आम्ही दोघी दुपारची पोळी चहात नाहीतर लोणच्याबरोबर खायचो. "अन्न टाकायचं नाही" म्हणून. तिला मी हे शिकवलं नाही. ती बघत होती.

यांना रिपोर्ट दाखवला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून. काही बोलले नाहीत. रात्री साडेआठला स्वतःच सहा ताटं मांडली. सासूबाई म्हणाल्या, "पोळ्या गरम कोण वाढणार?" सासरे म्हणाले, "गार खाऊ." मला हसावं की रडावं कळेना, कारण ज्यांना आजवर गार पोळी चालली नाही त्यांनीच हे म्हणावं.

---

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, दुपारी ३:०५

सासऱ्याले आमचा रामराम सांगजा.

---

जुनं_खोड | रविवार, संध्याकाळी ६:४०

मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. आमच्या घरी चटणी-भाकरी मी खायचो. बहीण काय खायची ते मला आठवत नाही, म्हणजे मी कधी बघितलंच नाही.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री १०:००

रानजाई, तुमचं ८.४ लेकीच्या ९.१ पेक्षा काळजीचं आहे. उद्याच डॉक्टरांकडे जा, पाळीत रक्तस्राव किती होतो हेही सांगा. तुमच्या वयात कारण शोधणं महत्त्वाचं, नुसती गोळी पुरत नाही. मी अनेक वर्षं मुलींची तपासणी लिहून देतोय आणि शेजारी बसलेल्या आईची लिहून देत नाहीये, हे आज लक्षात आलं.

---

रानजाई | पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:२०

धागा वर आणतेय. लेक १०.४, मी ९.७. माझी सोनोग्राफी झाली, गर्भाशयात लहानशी गाठ निघाली आहे, त्यावर उपचार सुरू आहेत. लेकीचं फेरिटिन कमी, बी १२ ठीक, थॅलेसिमिया नाही.

घरात झालेले बदल, ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी: दोघींच्या गोळ्या रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर. काळं झाल्यावर मास्तरांमुळे घाबरलो नाही. दुपारचा चहा साडेतीनला गेला, क्लासला जायच्या वेळा त्यासाठी तासाभराने पुढे ढकलून घेतल्या. सासूबाईंनी दोन दिवस धुसफूस केली, आता त्याच घड्याळ बघतात आणि कुणाला साडेतीनच्या आत चहा देत नाहीत, पाहुण्यांनासुद्धा. सकाळी बिस्किटांऐवजी दोन अळिवाचे लाडू नाहीतर अंडं. डब्यात बाजरी-मेथीचं धपाटं आणि पेरूच्या फोडी, रिकामा येतो. फोन साडेदहाला बैठकीच्या खोलीत, सगळ्यांचे. यात सगळ्यात जास्त त्रास यांना होतोय. झोप साडेसहा-पावणेसात तासांवर आली आहे, त्याच्या पुढे शाळेची वेळ आड येते.

मुलगा (वय १२) विचारतो, "मला का नाही तपासलं?" त्यालाही नेऊन आणला. ११.२. म्हणजे पहिल्या पंगतीला बसूनही!

पाण्याचं मात्र जमलेलं नाही. बाटली अजून तशीच परत येते. २२ तारखेला पालकसभा आहे. आम्ही सात-आठ आया ठरवून जाणार आहोत. तिथे पाण्याबद्दल नेमकं काय आणि कसं बोलावं, सुचवा. मुख्याध्यापक "मुलींनी पाणी प्यायला हवं" असं व्याख्यान ठेवू म्हणतात.

---

अकरावी_ब | शनिवार, रात्री ९:३१

व्याख्यान नको मावशी. कडी लावून घ्या आणि दुसरीचं कुलूप काढायला सांगा. पाणी आम्ही आपोआप पिऊ.